टेबलमॅट घेताना आधी उलटी बाजू पाहावी

जेवणाच्या टेबलावरची मॅट दुकानात नेहमी सुलट्या बाजूने मांडलेली असते आणि ऑनलाइन छायाचित्रातही तीच बाजू दिसते. त्यामुळे निवड बहुतेक वेळा रंग आणि नक्षी पाहूनच होते. मॅट जिथे खराब होते त्या जागा मात्र वेगळ्या असतात: काठ, कोपरे आणि टेबलाला टेकणारी खालची बाजू. रंग उडायला बराच काळ जातो. त्याच्या कितीतरी आधी कोपरे वर वळतात, काठाचे धागे सुटतात, किंवा मॅट उचलल्यावर टेबलाच्या पॉलिशवर तिचा ठसा उमटलेला दिसतो. म्हणून या परीक्षणात मी एखाद्या कंपनीच्या मालाची शिफारस न करता सर्रास मिळणाऱ्या प्रकारांची पारख रोजच्या वापराच्या कसोटीवर केली आहे. ती करताना टेबलाचे रक्षण आधी आणि शोभा नंतर, हा क्रम मी कुठेही सोडलेला नाही.

साहित्याआधी मापाचा विचार करावा लागतो, कारण माप चुकले तर उत्तमोत्तम मॅटही कपाटातच पडून राहते. आयताकृती मॅटची प्रचलित मापे साधारण ३० बाय ४५ आणि ३३ बाय ४८ सेंटीमीटर अशी असतात. जेवणाच्या मोठ्या प्लेटचा व्यास बहुधा २६ ते २८ सेंटीमीटर असतो, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या मॅटवर ती बेताची मावते आणि बाजूला चमचे व पेला ठेवण्यापुरती जागा मिळते. एका माणसाला बसायला टेबलाची सुमारे ६० सेंटीमीटर लांबी लागते असे धरले, तर शेजारशेजारच्या मॅटमध्ये १५ सेंटीमीटर अंतर राहते आणि ते पुरेसे आहे. खरी अडचण येते ती टेबलाच्या मधल्या पट्ट्यात. ९० सेंटीमीटर रुंदीच्या टेबलावर समोरासमोर ३० सेंटीमीटरच्या मॅट कडेपासून अडीच सेंटीमीटर आत ठेवल्या, तर वाढण्याच्या भांड्यांसाठी मधे २५ सेंटीमीटर जागा उरते. त्याच टेबलावर ३३ सेंटीमीटरच्या मॅट घेतल्या तर ती १९ वर येते, आणि टेबलच ७५ सेंटीमीटर रुंद असेल तर लहान मॅट घेऊनही जेमतेम १० सेंटीमीटर शिल्लक राहतात. अशा टेबलाला मोठी मॅट कितीही आवडली तरी घेऊ नये.

गोल टेबलाचे गणित याहून कडक आहे आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. १२० सेंटीमीटर व्यासाच्या टेबलावर ३० बाय ४५ ची आयताकृती मॅट ठेवली, तर तिचे बाहेरचे दोन कोपरे टेबलाबाहेर डोकावू नयेत म्हणून ती कडेपासून साडेचार सेंटीमीटर तरी आत सरकवावी लागते. चार जण बसणार असतील तर हे जमते, कारण मॅटच्या आतल्या कडेजवळ प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५१ सेंटीमीटर रुंदी येते. सहा जण बसले की तीच रुंदी साधारण ३० सेंटीमीटर होते आणि ४५ सेंटीमीटरच्या मॅट एकमेकींवर चढतात. मग प्लेट तिरकी बसते आणि पेला कोणत्या मॅटवर ठेवायचा हेच कळत नाही. ३५ सेंटीमीटर व्यासाची गोल मॅट तिथे दोन मॅटमध्ये पाचेक सेंटीमीटरची फट ठेवून नीट बसते, तर ३८ सेंटीमीटरची मॅट शेजारच्या मॅटला जवळजवळ चिकटते. पाचराच्या आकाराच्या, म्हणजे बाहेर रुंद आणि आत निमुळत्या मॅटही मिळतात; टेबल गोल आणि माणसे नेहमीच सहा असतील तर मी त्यांनाच पहिली पसंती देईन. मात्र चौकोनी टेबलावर त्यांचा काही उपयोग होत नाही, हे लक्षात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मॅट आणि टेबल यांचे नाते. लाकडी टेबलाचे पॉलिश दोन गोष्टींनी बिघडते, एक उष्णता आणि दुसरी ओल. दोन्ही एकत्र आल्या की ओल पॉलिशच्या थरात शिरून अडकते आणि पांढुरका डाग दिसू लागतो. लाखेचे पारंपरिक पॉलिश तर ७५ अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. पॉलियुरेथेन या प्लास्टिकवर्गीय कृत्रिम पॉलिशचा थर त्यापेक्षा बराच सोशिक असतो. म्हणून टेबलाला लाखेचे पॉलिश असेल तर पातळ, एकपदरी मॅट घेण्यात अर्थ नाही. वेष्टनावर नुसते ‘हीट रेझिस्टंट’ असे लिहिलेले असेल तर त्यावर विसंबून राहू नये, किती अंशांपर्यंत ते आकड्यात दिलेले असावे. वाढलेल्या प्लेटची ऊब जवळजवळ प्रत्येक मॅट सोसते. शेगडीवरून उतरवलेल्या भांड्याचा तळ मात्र सहज १०० अंशांच्या वर असतो आणि ओव्हनमधून काढलेले भांडे १८० ते २०० अंशांना तापलेले असते. अशी भांडी टेबलमॅटवर ठेवायचीच नसतात. त्यांच्यासाठी वेगळे जाड आसन हवे. हे ज्यांना पाळता येणार नाही त्यांच्यासाठी जाड कॉर्क आणि चांगल्या प्रतीचे सिलिकॉन एवढेच पर्याय मला योग्य वाटतात.

उष्णतेपेक्षाही दगाबाज बाब म्हणजे प्लास्टिकचे पॉलिशवर होणारे परिणाम. पीव्हीसी, ज्याला बाजारात विनाइल म्हणतात, मुळात कडक असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाची द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे हळूहळू बाहेर झिरपतात आणि मॅटखालच्या पॉलिशमध्ये उतरतात. मॅट महिनोन्महिने एकाच जागी पडून राहिली की तिथले पॉलिश मऊ होते, हाताला चिकट लागते, आणि मॅट उचलताना खालच्या जाळीची नक्षी टेबलावर उमटलेली दिसते. हा डाग पुसून जात नाही, तेवढा भाग घासून पुन्हा पॉलिश करावा लागतो. लॅकर नावाच्या, झटपट वाळणाऱ्या पॉलिशला हा धोका सर्वांत जास्त असतो. मॅट घसरू नये म्हणून लावलेल्या रबरी अस्तरानेही असेच डाग पडतात.

काही प्लास्टिसायझर आरोग्याच्या दृष्टीनेही नको असतात. युरोपीय संघाने ७ जुलै २०२० पासून डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी या फ्थॅलेट गटातल्या चार प्लास्टिसायझरांचे प्रमाण घरगुती वापराच्या वस्तूंतील लवचीक प्लास्टिकमध्ये वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी असले पाहिजे असे बंधन घातले. म्हणून मॅट ‘फ्थॅलेटमुक्त’ आहे का हे जरूर पाहावे. पण तेवढ्याने टेबल सुरक्षित झाले असे समजू नये. फ्थॅलेटच्या जागी वापरलेली दुसरी द्रव्येही झिरपू शकतात, आणि पॉलिशला कोणते द्रव्य उतरले याने फरक पडत नाही. उपाय सोपा आहे: विनाइलची किंवा रबरी अस्तराची मॅट लाकडावर कायमची पसरून ठेवू नये, जेवण झाले की उचलावी. मॅट उचलण्याचा दुसरा फायदाही आहे. बऱ्याच लाकडांचा रंग उजेडाने बदलत जातो, आणि मॅट तशीच पडून राहिली तर काही काळाने तिच्या आकाराचा वेगळ्या रंगाचा चौकोन टेबलावर दिसू लागतो. नवे पॉलिश केलेल्या टेबलावर तर पहिले काही आठवडे कोणतीच मॅट कायम ठेवू नये, कारण तो थर वरून कोरडा लागला तरी आतून पूर्ण पक्का झालेला नसतो.

एवढे सांगूनही, रोजच्या वापरासाठी मी विणलेल्या विनाइलच्या मॅटलाच सर्वाधिक गुण देईन. यात बहुधा पॉलिएस्टरच्या बळकट धाग्यावर पीव्हीसीचा थर चढवतात आणि अशा धाग्यांची वीण घालून कापड तयार करतात. पॉलिएस्टर ओल जवळजवळ शोषतच नाही आणि वरचा थर सांडलेले आत जाऊ देत नाही, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसले की काम होते. प्रतीत मात्र मोठा फरक असतो. चांगली मॅट उजेडासमोर धरली की विणीतली छिद्रे सगळीकडे सारख्या आकाराची दिसतात. हलक्या मॅटमध्ये काही जागी धागे सरकून लांबट फटी पडलेल्या असतात. काठाजवळ नखाने एक धागा हलकेच ओढून पाहावा. काठ उष्णतेने नीट जोडलेला असेल तर धागा जागचा हलत नाही. नुसता कापून सोडलेला असेल तर तो सुटून येतो, आणि असा काठ काही महिन्यांत दाढीसारखा पिंजारतो. उघडल्याबरोबर उग्र वास येत असेल आणि दोन दिवस हवेशीर जागी ठेवूनही तो कमी होत नसेल तर ती मॅट परत करावी. छापील चित्राच्या गुळगुळीत, चकचकीत एकसंध पीव्हीसीच्या मॅटची मी कधीही शिफारस करणार नाही. त्यांवर सुरीचे ओरखडे लगेच दिसतात, गरम प्लेट त्यांना चिकटते आणि एकदा कोपरा वळला की तो पुन्हा सपाट होत नाही.

सुती मॅट हा सर्वांत सुखद प्रकार आहे. प्लेट ठेवताना आवाज होत नाही, हाताला ऊब लागते, मॅट टेबलावर अंग टाकून पडते आणि प्लास्टिसायझर पॉलिशमध्ये उतरण्याचा धोका तिच्यापासून नसतो. फक्त कापड जाड हवे. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक वजनाचे, घट्ट विणीचे कापड टेबलावर नीट बसते. त्याहून बरेच हलके कापड धुतल्यावर रुमालासारखे चुरगळते. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते. ४५ सेंटीमीटरच्या मॅटमध्ये पाच टक्के आटणे म्हणजे सव्वादोन सेंटीमीटर कमी होणे, म्हणून आधीच धुऊन आटवलेल्या कापडाची मॅट घ्यावी.

इथे मला एका दोषाकडे मुद्दाम लक्ष वेधायचे आहे, कारण तो नव्या मॅटवर दिसत नाही. पुष्कळ सुती मॅटना चारी बाजूंनी शोभेची गोट लावलेली असते आणि ती गोट किंवा तिचा दोरा पॉलिएस्टरचा असतो. धुतल्यावर सुती कापड आटते, पॉलिएस्टर आटत नाही. परिणामी गोट लांब आणि कापड आखूड होते, काठाला चुण्या पडतात आणि कोपरे वर उचलले जातात. इस्त्रीने ते तात्पुरते बसतात, पुढच्या धुण्यात पुन्हा वळतात. दोन पदरांत वेगळ्या कापडाचे अस्तर घातलेल्या मॅटचेही असेच होते, फक्त तिथे फुगवटा मधोमध येतो. म्हणून त्याच कापडाची दुहेरी दुमड करून शिवलेला काठ सर्वांत विश्वासाचा. कोपऱ्यात दोन दुमडी एकमेकींवर चढून गाठ झाली असेल तर तिथे पेला डुगडुगतो. तिरपा जोड देऊन सपाट केलेला कोपरा कारागिराने मन लावून काम केल्याची खूण आहे. उलट्या बाजूने टाके पाहावेत. ते सारख्या अंतराचे आणि आखूड असावेत, आणि शिवण जिथे संपते तिथे दोन-तीन टाके मागे घेऊन ती पक्की केलेली असावी.

रंग पक्का आहे का हे पाहायला पांढरे फडके किंचित ओले करून मॅटच्या गडद भागावर दहा-बारा वेळा जोर देऊन घासावे. प्रयोगशाळेतही घासण्याने रंग सुटतो का हे असेच पांढऱ्या कापडावर घासून ठरवतात आणि त्याला १ ते ५ अशी श्रेणी देतात. ५ म्हणजे रंग अजिबात न लागणे. वेष्टनावर ही श्रेणी दिली असेल तर ४ च्या खाली जाऊ नये. १९९२ पासून दिली जाणारी ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ ही खूण कापडात हानिकारक द्रव्ये ठरावीक मर्यादेबाहेर नाहीत एवढे सांगते. मॅट टिकाऊ आहे किंवा तिचा रंग जाणार नाही असा तिचा अर्थ नाही, हा फरक विसरू नये.

लिननबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते दिसायला देखणे असते, धुण्याने अधिक मऊ होत जाते आणि वर्षानुवर्षे टिकते, पण प्रत्येक धुण्यानंतर ओलसर असतानाच इस्त्री करण्याची तयारी हवी. ज्यांना ती नाही त्यांनी जाड सुती मॅटच घ्यावी.

तागाच्या मॅट स्वस्त असतात, खरखरीत पोतामुळे छायाचित्रात फार शोभतात आणि म्हणून खूप विकल्या जातात. पण जेवणाच्या टेबलासाठी ताग हा मुळातच अडचणीचा धागा आहे. वस्त्रोद्योगात ओल शोषण्याचे जे प्रमाण धरले जाते ते सुताला ८.५ टक्के, लिननला १२ टक्के आणि तागाला १३.७५ टक्के असे आहे. ताग पाणी झटकन पितो, ओला झाल्यावर कमजोर होतो, दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि त्यातल्या लिग्निन या घटकामुळे उजेडाने तो पिवळट-तपकिरी पडत जातो. तेलाचा डाग तर त्यातून निघतच नाही. सजावटीसाठी, कोरड्या खाण्यासाठी किंवा फुलदाणीखाली तो चालेल. रोजच्या जेवणाला नाही. जलपर्णी आणि समुद्रगवत यांच्या जाड वेणीच्या मॅटचा दोष वेगळा आहे. त्यांची पृष्ठभागाची उंची जागोजागी बदलते, त्यामुळे उंच दांड्याचा पेला त्यांवर कधीच स्थिर राहत नाही. बांबूच्या काड्या दोऱ्याने गुंफलेल्या मॅटमध्ये खाण्याचे कण काड्यांच्या फटीत शिरतात आणि ब्रशशिवाय निघत नाहीत. शिवाय सगळी मॅट त्या चार-पाच दोऱ्यांवर तोललेली असते. एक तुटला की काड्या निसटायला लागतात.

कॉर्क मात्र त्याच्या साधेपणाच्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे, असे माझे ठाम मत आहे. तो एका जातीच्या ओक वृक्षाची साल असतो. झाड न तोडता ही साल काढतात आणि पोर्तुगालमध्ये, जिथे जगातला जवळजवळ निम्मा कॉर्क तयार होतो, दोन सालकाढणींमध्ये किमान नऊ वर्षांचे अंतर ठेवावे लागते. सालीच्या सूक्ष्म, बंद पेशींमध्ये हवा कोंडलेली असल्याने उष्णता तिच्यातून फार सावकाश जाते, आणि त्याच कारणाने ती पाणीही सहज शोषत नाही. चार-पाच मिलिमीटर जाडीची, बारीक आणि सारख्या दाण्याची, घट्ट दाबलेली मॅट घ्यावी. मोठ्या दाण्याची सैल मॅट वाकवली की भेगा पडतात आणि काठाचे दाणे झडू लागतात. बोट घासल्यावर तपकिरी चुरा हाताला लागला तर ती बाजूला ठेवावी. कॉर्क पाण्यात भिजवत ठेवू नये, आणि गडद रंगाच्या पातळ पदार्थाचा डाग त्यावर राहतो हे मान्य करूनच तो घ्यावा.

वर छापील चित्र, मधे दाबलेल्या लाकडाची पाटी आणि खाली कॉर्क अशा कडक मॅट टेबलाचे रक्षण चांगले करतात, कोपरे वळण्याचा प्रश्न त्यांना नसतो आणि पुसायलाही त्या सोप्या. त्यांचा कमकुवत भाग म्हणजे कड. कडेला रंगाचा किंवा लाखेचा थर नीट बसला नसेल तर तिथून पाणी आत जाते, पाटी फुगते आणि वरचे चित्र सोलून निघते. म्हणून कडेवरून बोट फिरवून कुठे खरखर लागते का ते पाहावे, आणि या मॅट भांडी धुण्याच्या यंत्रात कधीही घालू नयेत. सिलिकॉन दोनशे अंशांच्या वरची उष्णता सोसते, टेबलाला पकडून राहते आणि लहान मुलांसाठी उत्तम आहे. पण त्यावर तेलाचा पातळ थर बसून राहतो आणि धूळ चिकटते, त्यामुळे गरम पाणी आणि साबणानेच ते वरचेवर धुवावे लागते. चामड्यासारख्या दिसणाऱ्या मॅटबद्दल सावध राहावे. त्यातल्या पुष्कळ कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन केलेल्या असतात आणि दमट हवेत हा थर काही वर्षांत आपोआप फुटून पापुद्रे सुटू लागतात. असे पापुद्रे प्लेटजवळ नकोतच.

काचेच्या टेबलासाठी निवड थोडी बदलते. तिथे पॉलिशची काळजी नसते, पण मॅट घसरते आणि तिची उलटी बाजू खालून सतत दिसत राहते. फेसाळ रबराचे अस्तर सुरुवातीला घसरण थांबवते. काही काळाने मात्र ते पिवळे पडते आणि त्याची भुकटी काचेवर सांडते. काचेवर मी विणलेले विनाइलच घेईन, कारण ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसते आणि स्वतःच्या वजनाने पुरेसे स्थिर राहते.

ऑनलाइन घेताना उलट्या बाजूचे आणि कोपऱ्याचे जवळून काढलेले छायाचित्र दिले आहे का ते आधी पाहावे. नसेल तर विक्रेत्याकडे मागावे. माप, कापडाचे वजन आणि धुण्याच्या सूचना या तीन गोष्टी ज्या वर्णनात नाहीत ते वर्णन अपुरे समजावे. विनाइलच्या मॅट गुंडाळून पाठवलेल्या असतील तर उलट्या बाजूने सैल गुंडाळून, मग वजनाखाली रात्रभर सपाट ठेवाव्यात. तरीही कोपरे उचललेलेच राहिले तर परत करण्याची मुदत संपायच्या आत निर्णय घ्यावा. घरात ठेवताना कोणतीही मॅट घडी घालून ठेवू नये, एकावर एक सपाट ठेवावी, कारण विनाइल आणि कॉर्क या दोन्हींवर घडीची रेघ कायमची राहते. घरात माणसे जितकी, त्यापेक्षा दोन मॅट जास्त आणि त्या एकाच वेळी घ्याव्यात. कापड रंगवण्याच्या प्रत्येक खेपेत छटा किंचित बदलते आणि वर्षभराने तोच रंग मागवला तरी तो तंतोतंत जुळत नाही. या जादा मॅटही कपाटात बंद न ठेवता आळीपाळीने वापरून इतरांबरोबरच धुवाव्यात, म्हणजे सगळ्यांचा रंग सारखाच उतरत जातो.